मॉडबाईंच्या बाहीतली गांडुळं

मॉड बर्टल्सबाईंना जावयाचं एकच वागणं खपत नसे. तो नेहमी बरोबर असायचा, आणि वर ते हळू आवाजात सांगायचा. भांडणारा माणूस परवडला, त्याला गप्प तरी बसवता येतं.

"आई, बादलीला झाकण लावा," सेड्रिक म्हणाला.

"का? उडून जाणारेत?"

"मोठं गांडूळ मिनिटाला वीतभर जातं."

"ऐका! आता गांडुळांच्या शर्यती लावा, जावईबापू!"

चेशायरमधल्या त्या गावात दर जूनमध्ये शाळेच्या मैदानावर गांडुळं काढायची स्पर्धा असे. खणायचं नाही. आपल्या वाट्याला आखून दिलेल्या चौकोनात दाताळं रोवून अर्धा तास नुसतं हलवायचं. माती थरथरली की गांडुळं आपणहून वर येतात. मॉडबाई सलग चार वर्षं पहिल्या. यंदा तर त्यांनी स्वतः मोजली, एकशे बारा! ऊन लागू नये म्हणून त्यांनी सकाळच्या भुरभुर पावसात भिजलेला आपला लोकरी स्वेटर बादलीवर टाकला आणि त्या ऐटीत चहाला गेल्या. दोन कप झाले, केक झाला, शेजारणीच्या सुनेची निंदाही झाली.

मोजणीची हाक आली तेव्हा त्यांनी घाईघाईनं स्वेटर चढवला. मोजणी करणाऱ्या पाद्रीबाबांसमोर नीटनेटकं दिसायला हवं.

"एकाहत्तर," पाद्रीबाबा म्हणाले.

"काय? पुन्हा मोजा!"

पुन्हा एकाहत्तर. शेजारच्या चौकोनातल्या एनिड मॉसची चौऱ्याण्णव भरली. मॉडबाईंचं डोकं असं तापलं की अंगावर काय वळवळतंय याचीही शुद्ध राहिली नाही.

"एनिड! माझी एक्केचाळीस तुझ्या बादलीत चालत गेली का गं, चोरटे?" त्यांनी बोट रोखलं.

आणि बाहीतून एक लांबलचक गांडूळ निघालं, बोटावरून सरसर पुढं आलं आणि टोकाशी थांबून एनिडकडं बघू लागलं. मागून दुसरं आलं. तिसरं टपकन मोजणीच्या वहीवर पडलं.

घरून गांडुळं लपवून आणणं ही त्या गावातली सर्वांत नीच लबाडी. मोज्यात आणली म्हणून म्हाताऱ्या विल्फ हॅसलशी गावानं बोलणं टाकलं होतं, आणि तो निवाडा मॉडबाईंचाच होता.

"मॉड... बाहीतून?" पाद्रीबाबा पुटपुटले.

मॉडबाईंच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या.

"मी घातली," सेड्रिक पुढं होऊन म्हणाला. त्याची नजर बुटांवर होती. "आईंची गंमत करायला."

"लाज नाही वाटत?" कुणीतरी ओरडलं. "स्वतःच्या सासूची?"

दोन श्वास मॉडबाई गप्प राहिल्या. सुटका समोर होती. त्या दोन श्वासांचीच त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"सेड्रिक, मान वर कर," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "झाकण मी नाकारलं, ओला स्वेटर मी टाकला, त्यात ती आपणहून चढली, आणि एनिडला चोर म्हणणारी ही सटवीही मीच. तू लबाडीला अगदी नालायक आहेस. पोरीसाठी मी स्वतः नवरा शोधला असता, तर तुझ्यासारखा मला सापडला नसता."