हिरव्या वायरीचा संसार

तंटामुक्ती समितीवर मी अकरा वर्षं होतो. तेवढ्या काळात वाडीतलं एकही जोडपं मोडू दिलं नाही. तेव्हा आठ वायरी ओळीने बसवणं म्हणजे माझ्यासाठी काही कामच नव्हे, असं मी गफूरभाईंना सांगून टाकलं.

गफूरभाईंचं घर आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे, उतारावर खाली. तिथे मोबाईलला रेंज नाही. त्यांच्या नाझियाची सकाळी अकराला कॉम्प्युटरवरून मुलाखत होती. नोकरी नेटवर्क सांभाळायची, आणि तीन महिन्यांतलं हे पहिलंच बोलावणं. ठरलं असं, की माझ्या इंटरनेटची केबल त्यांच्याकडे न्यायची.

"काका, टोकं मी बसवते," नाझिया म्हणाली.

"तू अभ्यास कर. वायर माझ्यावर सोड."

केबल सोलली. आत चार जोड्या: भगवी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीला तिच्याच रंगाचा पट्टा असलेल्या पांढरीचा पीळ. कसा सुखाचा संसार! मग दुकानदाराने दिलेला रंगांच्या क्रमाचा कागद पाहिला. भगवी जोडी शेजारी शेजारी. पुढे पांढरी-हिरवी, आणि तिची हिरवी? मधे अख्खं निळं जोडपं घुसलेलं, हिरवी बिचारी पलीकडे.

"छापणाऱ्याचं चुकलंय," मी म्हणालो.

"छापलंय तसं लावा," आमची कमला म्हणाली.

"नवराबायकोच्या मधे शेजारी आणून बसवू?"

"अकरा वर्षं दुसरं काय केलंत?"

मी ऐकलं नाही. दोन्ही टोकांना हिरव्या एकत्र नांदवल्या. केबल खोचली तसा कॉम्प्युटरवरचा दिवा लागला.

अकरा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावरचे साहेब आ वासून थांबले, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. 'स्वतःबद्दल सांगा' यातलं 'स्व' तेवढं पोचलं. गफूरभाई खिडकीत जाऊन केबलची पाठ चोळू लागले.

नाझिया माझ्याकडे वळली. "काका, हिरव्या जवळ जवळ लावल्यात?"

"माणुसकी म्हणून."

"तिसरी आणि सहावी जागा मिळून एक काम करतात. सहावर हिरवी हवी, तुम्ही निळी बसवलीत. जोडी तुम्ही फोडलीत, काका."

टोकं दाबायचा चिमटा उचलून ती गडगा ओलांडून गेली. सात मिनिटांत दोन्ही टोकं नव्याने बसवली आणि केसांतला पाचोळा न काढताच पडद्यासमोर बसली. साहेब हलू लागले. काय बिघडलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि पुढे अर्धा तास तेच बोलणं चाललं.

चार दिवसांनी नाझिया पेढे घेऊन आली.

"लागली नोकरी. दुरुस्तीवर इतका हात कसा बसला, असं विचारत होते. मी तुमचं नाव सांगितलं."

मी खुर्चीत ताठ झालो. "काय सांगितलंस?"

"हेच, की लहानपणापासून तुमच्या शेजारी राहते. तुम्ही काही बसवलंत, की मागाहून मीच बसवायचे."

पेढा मात्र चांगला होता.