'टेक ऑफ' चपलांच्या कपाटावर

स्टोअरकीपरला बढती हवी होती. बावीस वर्षं तळघरातल्या गोदामात काढल्यावर माणसाला खिडकीजवळची खुर्ची हवीशी वाटली, तर त्यात त्याचं काय चुकलं? पण खिडकी वरच्या मजल्यावर, आणि वर बसायचं तर परदेशी पुरवठादारांशी इंग्रजीत बोलावं लागे. त्यासाठी तोंडी परीक्षा होती.

त्याचं घोडं अडलं होतं 'टेक'पाशी. नुसता टेक म्हणजे घेणं, इथवर ठीक. मागे शेपूट लागलं की अर्थ भलतीकडेच पळे. शेवटी त्याने गोदामातली युक्ती घरी आणली. जागा आठवली की माल आठवतो. त्याने अर्थासकट वीस चिठ्ठ्या लिहिल्या. 'टेक ऑफ' चपलांच्या कपाटावर, 'टेक आउट' केराच्या डब्यावर, 'टेक आफ्टर' सासऱ्यांच्या फोटोवर, कारण बायको त्यांच्याच वळणावर गेली होती. रोज संध्याकाळी तो घरभर हिंडत घोकंपट्टी करी. बायको भांडी विसळता विसळता ऐके आणि निघालेल्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवी.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पहिलंच 'टेक ऑफ' विचारलं. त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात घराच्या दारातून आत शिरला आणि थबकला. कपाट जागेवर नव्हतं. आदल्याच दिवशी बायकोने सगळं घर हलवून साफसफाई केली होती. घरी एक फोन करू का, असं त्याने विचारलं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून बाईंनी परवानगी दिली; फोन मात्र स्पीकरवर ठेवायला लावला.

"अगं, चपलांचं कपाट कुठंय?"

"बाल्कनीत. का हो?"

"त्याच्यावरची चिठ्ठी वाच."

"वाचायची कशाला? टेक ऑफ. पायातलं, अंगावरचं काढणं. विमानाचं उडणंसुद्धा. आणि तुमचं टेक ओव्हर आता माळ्यावर गेलंय. म्हणजे कारभार हाती घेणं."

मग तिने उरलेली अठराही सांगून टाकली, वर उदाहरणं दिली. प्रत्येक उदाहरणात नवराच होता. बाई शांतपणे लिहून घेत होत्या.

संध्याकाळी तो एक कागद घेऊन घरी आला.

"मिळाली का खिडकी?" बायकोने विचारलं.

"मिळाली. तुला. हा अर्ज तेवढा भर."

त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण शेजाऱ्यांना बातमी सांगायला तोच आधी धावला.

पहिल्या सोमवारी ती त्याच्याआधी कामावर गेली. चहा त्याचा त्यालाच करायचा होता. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. चहा. साखर. मीठ. मिठाच्या चिठ्ठीवर अर्थही दिला होता: हे चहात घालायचं नाही.