टाकी वर आली

मंगळवारी सकाळी आमच्या पेट्रोल पंपाची दोन नंबरची डिझेलची टाकी स्वतःहून जमिनीतून वर आली आणि हवा भरायच्या यंत्राशेजारी आडवी पडली.

अंगावरची माती झटकून ती म्हणाली, "अण्णा, तळाला भोक पडलंय. साहेबांना बोलवा."

भोक कसं पडलं ते आधी सांगतो, म्हणजे माझा राग फुकटचा वाटणार नाही. डिझेल किती उरलंय ते बघायला रोज सकाळी पाइपातून एक लांब काठी टाकीत सोडतात. ती दरवेळी एकाच जागी टेकते. म्हणून तळाला त्या जागी जाड पत्र्याचा तुकडा बसवायचा असतो. तेल कंपनीच्या माणसांनी टाकी पुरताना तो बसवलाच नाही. रोज ठक, रोज ठक. लोखंड झालं तरी किती सोसणार? डिझेल झिरपत झिरपत शेजारच्या ननावरे वहिनींच्या विहिरीत गेलं. वहिनींची डाळिंब-गुलाबाची रोपवाटिका आहे. अर्धी करपली. कंपनीने गळती मान्य केली तरच कंपनी विहीर उपसून देणार. मी तक्रार केली की कंपनीचे खांडगे साहेब तपासणीला यायचे, चहा प्यायचे आणि झाकण न उघडताच 'टाकी सुस्थितीत' असं लिहून जायचे. शेवटी टाकीचाच संयम सुटला.

मी रॉकेलच्या हातगाडीवर धंदा शिकलो. एका गिऱ्हाइकाचा डबा गळायचा. मी त्याला डब्याखाली बोट लावून दाखवलं, त्याने माझं बोट हुंगलं आणि घरी जाऊन दुसरा डबा आणला. तपासणी म्हणजे एवढंच असतं, असं मला मंगळवारपर्यंत वाटायचं.

खांडगे साहेब आले. टाकीभोवती एक फेरी मारली.

"ही कुठली टाकी?"

"दोन नंबरची," मी म्हटलं.

"दोन नंबरची भूमिगत आहे."

"होती. आता वर आलीय."

"अण्णा, मी भूमिगत टाक्यांचा तपासनीस. जमिनीवरच्या टाक्यांना वेगळे साहेब असतात. आपल्याकडे ते पद रिकामं आहे."

टाकी म्हणाली, "साहेब, भोक समोर आहे. बोट घालून बघा."

"टाकीने आधी खाली जावं. मग रीतसर बघू."

"खाली असले की तुम्ही झाकण उघडत नाही."

"तो कार्यालयीन प्रश्न आहे."

एवढ्यात ननावरे वहिनी विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन आल्या. "हुंगा साहेब."

"बाई, पाणी माझ्याकडे येत नाही."

"तुमचं डिझेल बरं माझ्याकडे येतं! त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं, कोण कुणाकडे येतं ते?"

साहेब रिकाम्या खड्ड्याशी गेले, वाकून पाहिलं आणि लिहिलं : 'दोन नंबरच्या जागी गळती आढळली नाही.' खरंच होतं ते. टाकीच नाही तर गळणार काय? माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंपावर आलेल्या माणसाला मी कधी चहाशिवाय जाऊ दिलेलं नाही. त्या दिवशी साहेबांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि मातीत ओतला.

"अण्णा, हे बरं नाही," साहेब म्हणाले.

"मग तेही लिहा," मी म्हटलं.

साहेबांची जीप निघाली. टाकी म्हणाली, "मीही तिकडेच जाते," आणि जीपच्या मागोमाग हायवेला लागली. टोलनाक्यावर बिनचाकी म्हणून तिला सोडून दिलं. घासत घासत गेल्यामुळे लिंबाएवढं भोक चांगलं परातीएवढं झालं. कंपनीच्या जिल्हा कार्यालयाला एकच फाटक आहे आणि कुंपणाच्या भिंतीवर काचा लावलेल्या आहेत. साहेब आत गेले आणि टाकी फाटकात अडकून बसली. झाकण आतल्या बाजूला, भोक रस्त्याकडे.

क्रेन मागवायची तर कशासाठी ते लिहावं लागतं. कार्यालयाच्या दप्तरी दोन नंबरची टाकी माझ्या पंपाखाली, सुस्थितीत आहे. मग फाटकातून काय उचलायचं? संध्याकाळ झाली, माणसांना घरी जायचं होतं. शेवटी टाकीतूनच पलीकडे निघायचं ठरलं आणि झाकण उघडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. खांडगे साहेब पदाने मोठे, म्हणून पहिले आत उतरले. भोकातून खांद्यापर्यंत बाहेर आले आणि पोटाशी अडकले.

बाहेर टाकीमागून आलेल्या ननावरे वहिनी उभ्या होत्या. मीही होतो.

"ओढा हो वहिनी," साहेब म्हणाले.

"ओढते की. आधी सांगा, कुठून बाहेर येताय?"

साहेबांनी मान मागे वळवली.

"शेवाळे, मागून ढकला," त्यांनी आत आवाज दिला.

"ढकललं असतं साहेब," आतून त्यांच्या हाताखालचे शेवाळे म्हणाले, "पण कशातून ढकलतोय ते तुम्ही सांगा. माझी बढती जवळ आलीय."

टाकी म्हणाली, "मला काही घाई नाही."

आज शुक्रवार. साहेब तिथेच आहेत आणि त्यांच्यामागे टाकीत अख्खं कार्यालय रांगेत उभं आहे. वहिनी रोज विचारतात, "कुठून बाहेर येताय?" साहेब रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत बसतात. माणूस उपाशी राहू नये म्हणून जेवणाचा डबा मी पाठवतो. पाण्याचा तांब्या वहिनी आपल्या विहिरीवरून भरून आणतात.

डबा साहेब चाटूनपुसून खातात. तांब्याला अजून हात लावलेला नाही.