ऑर्विलच्या दारावरचं फुलांचं चक्र

"यंदा टिली किंचाळणार म्हणजे किंचाळणारच!" ऑर्विल प्रूएटने टेबलावर मूठ आपटली आणि आपलीच कॉफी आपल्याच मांडीवर सांडून घेतली.

समोरच्या घरातली टिली सहा वर्षांची. गेल्या हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांची सोंगं काढायच्या सणाला, ऑर्विल चादर पांघरून झुडपामागून "भूऽऽ!" करत तिच्या अंगावर धावला, तर पोरीने त्याचा हात थोपटला आणि म्हणाली, "किती गोड!" जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आणि गोड! ते त्याच्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं.

"मग दुकानातून एखादं बरं भूत आण की," त्याची बायको मावीस म्हणाली.

"विकतचं भूत? छट्! टाकाऊतून घडवलेलं तेच अस्सल!"

झालं! गॅरेजमध्ये फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची थडगी उभी राहिली. फाटक्या पँटींत सुकी पानं कोंबून मुडदे तयार झाले. दफनभूमीमागच्या कचऱ्यातून तर स्वारीने काळ्या फितीचं फुलांचं चक्रच उचलून आणलं! हॅलोविनच्या सकाळी ते दारावर टांगलं आणि गंजकी साखळी शोधायला भंगाराच्या आवाराकडे गाडी पिटाळली. बाकी सगळा पसारा अजून गॅरेजमध्येच होता.

तेवढ्यात शेजारची डोर्कस बहिणीकडून परतली. दारावर काळ्या फितीचं चक्र, म्हणजे घरात कुणीतरी गेलं! ती तशीच अंगणात धावली.

"मावीस! अगं, ऑर्विल कुठंय?"

"गेला एकदाचा!" मावीस पानं झाडता झाडता म्हणाली. "सकाळीच. सुटले बाई! पंधरा दिवस गॅरेजमध्ये नुसता पडून होता."

"गॅरेजमध्ये! फार त्रास झाला का गं त्याला?"

"त्याला कसला? मला झाला!"

डोर्कस तोंडावर हात दाबून घराकडे धावली. आता त्या गल्लीत कुणी गेलं, की आधी ओव्हन पेटतात आणि मग अश्रू पुसले जातात. दुपारपर्यंत मावीसकडे न्यायला घरोघरी ट्यूना-नूडल्स शिजत होत्या.

इकडे ऑर्विल मागच्या दाराने परतला आणि शेवटचं थडगं करवतीने कापत बसला. थर्माकोलचा भुसा केसांत, भुवयांत, मिशांत! एवढ्यात घंटा वाजली. साखळी खांद्यावर तशीच ठेवून त्याने दार उघडलं.

समोर पाद्रीबाबा, डोर्कस, अर्धी गल्ली आणि प्रत्येकाच्या हातात वाफाळतं भांडं!

"या, या! आज काय विशेष?" ऑर्विल म्हणाला.

काय किंकाळी उठली म्हणता! डोर्कसचं भांडं पायरीवर फुटलं, नूडल्स कठड्यावर लोंबू लागल्या. पाद्रीबाबा तर कुंपणावरून थेट डोर्कसच्या गुलाबांत!

ऑर्विलची छाती अभिमानाने फुगली. पण तो शोधत होता एकटीलाच.

टिली तिथेच उभी होती. एका हातात घरी केलेली बिस्किटं, रडून रडून डोळे लाल. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, त्याच्या पायाला घट्ट मिठी मारली आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला.

"मिस्टर ऑर्विल, तुम्ही तर मेल्यावरसुद्धा किती गोड दिसता!"