पावणेआठची गाडी

"एकतीस वर्षांत माझ्या स्टँडवरून एकही गाडी वेळेआधी सुटलेली नाही!"

हे वाक्य कंट्रोलर दिवसातून किमान दोनदा म्हणत. ऐकणारा नवा असेल तर तीनदा. वेळेनंतर किती सुटल्या, हे विचारायची मात्र सोय नव्हती. विचारलं की त्यांना हटकून काहीतरी काम आठवायचं.

बस डेपोतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण सगळी बिल्डिंग त्यांना अजूनही कंट्रोलरच म्हणायची. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे बिनविरोध आलं होतं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. त्यांनी ते डेपोसारखंच चालवलं. लिफ्ट दुरुस्तीच्या नोटिशीवरसुद्धा ते 'सुटण्याची वेळ' असा रकाना आखत.

त्या वर्षी शहराच्या धावण्याच्या शर्यतीचा मार्ग नेमका सोसायटीसमोरून काढला. रविवारी पहाटे साडेपाच ते दहा रस्ता वाहनांना बंद! सोसायटीला फाटक एकच, आणि तेही त्याच रस्त्यावर. झालं, पार्किंगमध्ये मीटिंग बसली.

"मला इमर्जन्सी आली तर?" तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर कडाडले. "पेशंटची दाढ काय रविवार बघून ठणकते?"

"गेल्या रविवारी अकरा वाजता तुम्ही जांभया देत पेपर घ्यायला उतरला होतात," पीटीच्या निवृत्त बाई म्हणाल्या. "एकदा रस्ता बंद झाला तर काय आकाश कोसळणार आहे?"

"मला सकाळी सातला सासूबाईंना भेटायला जायचं असतं!" पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले.

"अय्या, हो?" त्यांची बायको म्हणाली. "आईला सांगते हं. तिला धक्काच बसेल."

अर्धी सोसायटी रस्ता बंद करू द्यायचा नाही म्हणत होती, अर्धी म्हणत होती करू द्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून एक हात वर आला. तो खुद्द कंट्रोलरांच्या बायकोचा होता.

"मी धावणार आहे," काकू म्हणाल्या. "दहा किलोमीटर."

पाच महिन्यांपूर्वी फॅमिली डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून त्यांना घाबरवलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांना कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन धाप लागली होती. आता त्या दहा किलोमीटर एक तास छत्तीस मिनिटांत पुरं करत. शर्यतीची मुदत होती एक तास चाळीस मिनिटं. त्यात पोचलं तर गळ्यात पदक आणि यादीत नाव, नाहीतर काही नाही.

"मला ते पदक हवंय," घरी त्यांनी नवऱ्याला सरळ सांगितलं होतं. "जन्मात मला कुणी पहिली, दुसरी, तिसरी म्हटलेलं नाही. हे नुसतं वेळेत पोचलं तरी देतात."

"चार मिनिटं हातात आहेत," कंट्रोलर म्हणाले होते. "म्हणजे गाडी वेळेत आहे!" काकूंच्या सरावाचा तक्ता तेच ठेवत, अगदी सेकंदांसकट. कौतुक करायची त्यांची तीच पद्धत होती.

मीटिंगमध्ये मात्र बायको एकीकडे आणि आरडाओरडा करणारे मतदार दुसरीकडे! कंट्रोलर उभे राहिले. "शांतता! रस्ता बंदही राहील आणि तुमच्या गाड्याही सुटतील. हे काम माझ्यावर सोडा."

ते आयोजकांच्या ऑफिसात जाऊन बसले, आणि तिथल्या मुलीने कंटाळून होकार दिला. फाटकासमोर बॅरिकेडमध्ये एका गाडीपुरती वाट ठेवायची. गाडी आली की दोन स्वयंसेवकांनी रस्त्यावर आडवी दोरी धरायची, धावणाऱ्यांना क्षणभर थांबवायचं आणि गाडी पलीकडच्या गल्लीत सोडायची.

"पण काका, गाडी आली तरच हं," ती म्हणाली.

"मला शिकवता?" कंट्रोलर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ती योजना सुधारली. 'आली तर' वगैरे भोंगळ कारभार त्यांना मान्य नव्हता. त्यांनी दारोदार फिरून कोणाला किती वाजता जायचंय ते लिहून घेतलं आणि चक्क वेळापत्रक छापलं. रस्ता बंद करायला विरोध करणाऱ्या प्रत्येकाने ऐटीत वेळ दिली. द्यावीच लागली, नाहीतर इतकं भांडून उपयोग काय? सासूबाईंची गाडी सहा पन्नास. डॉक्टरांची इमर्जन्सी पावणेआठ!

"इमर्जन्सीची वेळ आधीच ठरली?" काकूंनी विचारलं.

"नियोजन म्हणतात त्याला," कंट्रोलर म्हणाले.

रविवारी पहाटे ते इस्त्रीचा शर्ट घालून, शिट्टी आणि वेळापत्रक घेऊन फाटकावर हजर झाले. काकू आधीच गेल्या होत्या. शर्यत साडेसहाला सुटली. सहा पन्नासला कंट्रोलरांनी शिट्टी फुंकली आणि दोरी आडवी झाली. तेव्हा पुढचे चपळ गडी अजून यायचे होते, म्हणून थांबायला रस्त्यावर कुणी नव्हतं. जायलाही कुणी नव्हतं. विमा एजंट गॅलरीत चहा पीत उभे होते.

"सासूबाईंनी नको म्हटलं!" ते वरून ओरडले.

दोन मिनिटं मोजून कंट्रोलरांनी दोरी सोडली आणि वहीत लिहिलं, 'रिकामी गेली.' डेपोत अशीच रीत होती. प्रवासी असो नसो, गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे. सव्वासातची गाडी रिकामी गेली. साडेसातचीही रिकामीच गेली, आणि तेव्हा मात्र दोरीशी थांबलेल्या तीस-चाळीस जणांनी कंट्रोलरांना बरंच काही ऐकवलं.

"काका, गाडीच नाहीये," स्वयंसेवक मुलगी म्हणाली. "मग दोरी कशाला?"

"वेळ आहे म्हणून!" कंट्रोलर म्हणाले. हे उत्तर त्यांना त्या क्षणी अगदी बिनतोड वाटलं.

आणि पावणेआठ वाजले. शिट्टी. दोरी. फाटकात चिटपाखरू नाही. आता मात्र कंट्रोलरांचा पारा चढला. सलग चौथी गाडी रिकामी? या डॉक्टरासाठी आपण ऑफिसात दोन तास बसलो? त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, तुमची वेळ झाली!"

"अं? कसली वेळ?" डॉक्टर दचकून उठले. त्यांना भलतंच वाटलं असावं.

"पावणेआठची गाडी! दोरी धरलीय! खाली या!"

"अहो, पण मला कुठेच जायचं नाहीये!"

"मीटिंगमध्ये काय म्हणाला होतात? कुठेही जा, पण जा! लोक खोळंबलेत!"

लोक खरंच खोळंबले होते, आणि ते दोरी धरल्यामुळे खोळंबले होते, हे कंट्रोलरांच्या ध्यानातही आलं नाही. पावणेआठ वाजून दोन मिनिटांनी त्या गर्दीतून लालबुंद झालेल्या काकू पुढे आल्या.

"अहो, सोडा! मी अगदी वेळेत आहे!"

"अगं, एकच मिनिट. डॉक्टर निघालेत."

"कुणाची दाढ दुखतेय?"

"कुणाचीच नाही. पण त्यांची वेळ आहे ना ही!"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात डॉक्टर चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात गाडी घेऊन फाटकातून घरंगळत आले. गाडी महिनाभर जागची हलली नव्हती. बरोबर रस्त्याच्या मधोमध ती एकदा खोकली, दोनदा थरथरली आणि बंद पडली. दोन्ही बाजूंच्या बॅरिकेडमध्ये धावायचा रस्ता जेमतेम एका गाडीच्या लांबीइतकाच उरला होता, त्यामुळे आता दोरी सोडून उपयोग नव्हता. आडवी गाडी आणि मागे दीडशे माणसं!

"ढकला!" कंट्रोलर ओरडले.

पन्नास हात लागले. पंचवीस पुढून आणि पंचवीस मागून. गाडी जागच्या जागी डोलू लागली. आतून डॉक्टर ओरडत होते, "घरी न्या मला, घरी!" शेवटी काकूंनीच आवाज चढवला, "सगळे मागून या! आणि डॉक्टर, ब्रेकवरचा पाय काढा!" त्यांनी स्वतः खांदा लावला. गाडी गल्लीत गेली. सात चोपन्न झाले होते.

काकूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या धावत सुटल्या.

कंट्रोलर तिथेच उभे राहिले. हिशोब करायला त्यांना कागद लागला नाही. चार मिनिटं हातात होती आणि आपण सात खाल्ली. एकतीस वर्षांत अनेक प्रवाशांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या, त्या त्यांनी कधी मनाला लावून घेतल्या नव्हत्या. आज बायको एक शब्द बोलली नव्हती आणि त्यांना तोंड लपवावंसं वाटत होतं. त्यांनी वही मुलीच्या हातात कोंबली आणि गल्लीबोळातून शर्यत संपायच्या कमानीकडे पळत सुटले.

तिथे पोचेपर्यंत त्यांच्या इस्त्रीची पार वाट लागली होती. टेबलाशी एक पंच घड्याळ लावून बसला होता. आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने पदकांचा खोका बंद केला. आठ वाजून अकरा मिनिटांनी काकू आल्या. शेवटचे दोन किलोमीटर त्या आजवर कधी धावल्या नव्हत्या इतक्या वेगाने धावल्या होत्या.

"हिला पदक द्या!" कंट्रोलर धापा टाकत म्हणाले. "वाटेत सात मिनिटं अडवलं होतं."

"कुणी?" पंचाने विचारलं.

"फाटकावर... दोरी धरून."

"कुणी धरली?"

कंट्रोलरांनी शिट्टी खिशात टाकली. "मी."

"का?"

"गाड्या सोडायच्या होत्या."

पंचाने पेन उचललं. "सकाळपासून किती सोडल्या?"

आसपास घामेजलेले लोक कान देऊन ऐकत होते. साडेसातच्या दोरीशी थांबलेले दोघे-तिघे तर जवळ सरकले. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं कंट्रोलरांना वाटलं.

"एकही नाही," ते म्हणाले. "एक निघाली होती. ती ढकलली."

पंच त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मऊ आवाजात काकूंना सांगितलं, "बाई, यांनी हे लिहून दिलं तर मी पदक देतो."

"लगेच देतो लिहून!" कंट्रोलरांनी पेनकडे हात नेला.

"नको," काकू म्हणाल्या. "माझ्यासारखे मागे आणखी अडकलेत, त्यांना कोण देणार? आणि मला वेळेत पोचल्याचं हवं होतं. नवऱ्याने लिहून दिल्याचं नको."

घरी जाताना त्या पुढे चालल्या होत्या आणि कंट्रोलर चार पावलं मागे.

"चुकलं माझं," ते म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं, त्यामुळे ते फार हळू आलं.

"पाच महिने," काकू मागे न बघता म्हणाल्या. "पाच महिने मी रोज पहाटे उठले. आणि तुम्ही मला एका झोपलेल्या माणसासाठी थांबवलंत."

कंट्रोलर चार पावलं मागेच चालत राहिले.

पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा शर्यतीचा विषय निघाला. आता परत दोन तट पडणार म्हणून सगळे सरसावून बसले. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठराव मांडला: पुढच्या वर्षी शर्यतीसाठी रस्ता खुशाल बंद ठेवावा, आणि सेक्रेटरींना आदल्या संध्याकाळीच परगावी पाठवावं. डॉक्टरांनी तत्काळ अनुमोदन दिलं. पीटीच्या बाईंनी हात वर केला. विमा एजंटांनी दोन्ही हात वर केले आणि सेक्रेटरींना आपल्या सासूबाईंकडे उतरायची सोय करू असं सांगितलं.

इतिवृत्त लिहायचं काम अर्थातच सेक्रेटरींचं. कंट्रोलरांनी मान खाली घालून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' सोसायटीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि यात खोटं काहीच नव्हतं, कारण सगळ्यांत आधी हात त्यांनीच वर केला होता.