दहाची रेघ

मूल वाढते हे खरे. पण शेजारी रेघ नसेल तर ते वाढले याला शास्त्रीय आधार उरत नाही. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या हर्षाला हे सत्य गुंजन चौदा महिन्यांची झाली तेव्हा पटले. पोरगी नीट वाढतेय ना, एवढाच तिचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहे." पण 'ठणठणीत'ला एकक नाही.

म्हणून सेक्टर १० च्या क्वार्टरात, गुंजनच्या दुपारच्या झोपेत, तिने लॅपटॉपवर चार चौकोनांचा महिनावार आलेख काढला : वजन, उंची, दात, शब्द. वजन दहा किलो हवे, म्हणून संदर्भरेषा दहावर दिली. प्रोग्रामने तीच रेघ चारही चौकोनांतून ओढली. (प्रोग्राम भेदभाव करत नाही.) त्यामुळे गुंजन उंचीत अपेक्षेपेक्षा पासष्ट सेंटिमीटर पुढे गेली आणि दातांत चारने नापास झाली.

सासूबाई कौशल्याबाईंनी चष्मा लावला. "दहा दात? माह्या मोहितले तर या वयात दोनच होते. आता पाय त्याले, मिलमध्ये फोरमन हाय."

(मोहितच्या दातांची जुनी आकडेवारी उपलब्ध नाही.)

चूक साधी होती. प्रत्येक चौकोनाला आपली रेघ हवी असेल तर चौकोनागणिक आकड्यांचा वेगळा तक्ता द्यावा लागतो. आरोग्यकार्डावरचे आकडे सरासरीचे निघाले, आणि सरासरी मूल कुणाला हवे? हर्षाने ब्लॉकमधूनच आकडे गोळा केले. वजन समोरच्या ऐश्वर्याच्या सोनूचे. उंची खालच्या ताराच्या लेकीची. दात वरच्या मजल्यावरच्या छोट्या अभिनवचे (त्यांतले सहा सोनूच्या दंडावर तपासता येतात). शब्द प्रेरणाच्या मुलीचे : बावीस, पैकी एकोणीस वेळा 'नाही'.

आता गुंजन चारही चौकोनांत रेघेखाली गेली. हर्षाला जेवण जाईना.

"हे रेघेवरचं लेकरू कोणाचं हाय वं?" कौशल्याबाईंनी विचारले. "त्याच्या मायले विचार ना, काय खाऊ घालते."

"आई, ते कोणाचंच नाही. चौघांचं मिळून केलंय."

"मंग जे लेकरू हायच नाही, त्याच्यापायी आमच्या पोरीले काहून नापास करून राहिली तू?"

हर्षाने चारही रेघा पुसल्या. उरले ते गुंजनचे ठिपके, महिन्यागणिक वर चढत जाणारे. हर्षा त्या दिवशी पोटभर जेवली.

संध्याकाळी दारात ऐश्वर्या, तारा आणि प्रेरणा उभ्या. आमच्याही बाळांचे आलेख काढून दे म्हणाल्या, रेघेसकट. नावे लिहून घेणे चालू आहे. वाचताना ज्यांनी मध्येच आपल्या मुलाचे दात आठवून पाहिले (मूल आता नोकरीला असले तरी), त्यांनी कृपया प्रेरणाच्या मागे उभे राहावे.