जाडीचा वाटा

"दिवाळीपर्यंत जाडीला सडपातळ केलं नाही, तर बाळकृष्ण सोमण हे नाव लावणार नाही!"

बाळूकाकांनी ही प्रतिज्ञा होळीच्या दिवशी, पुरणपोळीचा घास तोंडात असताना केली. शोभाकाकूंनी वरसुद्धा पाहिलं नाही. काका आजवर इतक्या वेळा नाव टाकायला निघाले होते, की खरोखर टाकलं असतं तर नुसत्या बारशांच्या खर्चात घर बुडालं असतं!

जाडी म्हणजे सोमणांची मांजरी. नवीन पनवेलच्या सिडको कॉलनीत त्यांनी तळमजल्यावरचा ब्लॉक घेतला, तेव्हा जुना मालक किल्लीबरोबर एक म्हातारी मांजरीही सोडून गेला होता. तिच्या ओळखीने ही जाडी आली, आणि जाडीला दोन पोरं झाली. म्हातारी, जाडी आणि पोरं. याहून वेगळी नावं त्यांना कोणी ठेवली नाहीत. जेवण सगळ्यांना एकच, दूधभात. सोमणांचं घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, तेव्हा मांजरंही शाकाहारी!

पण होळीच्या आदल्या आठवड्यात म्हातारीने खाणं टाकलं, तेव्हा गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर काकांवर चांगलेच उखडले.

"अहो, मांजराला मासळी नको? आणि सगळ्यांना एकच पंगत कसली वाढता? म्हातारीचे दात गेलेत, तिला मऊ द्या. पोरं वाढीची आहेत, त्यांना पोटभर द्या. आणि हिला..." डॉक्टरांनी जाडीला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. "हिला नुसतं दाखवा!"

बाळूकाका पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. कोणाला किती पाणी सोडायचं हे ज्याने जन्मभर ठरवलं, त्याला चार मांजरांचं रेशन ठरवणं म्हणजे हातचा मळ! फक्त जाडीचं वजन करताना जरा गडबड झाली. वाण्याच्या तराजूत ती बसली ती उठेचना, आणि उठली ती थेट तूरडाळीच्या पोत्यात. पोतं काकांना विकत घ्यावं लागलं.

खरी पंचाईत पुढेच होती. मासळी आणायची कोणी? काकूंनी कानांवर हात ठेवले. शेवटी काकाच टोपी कपाळावर ओढून उरण नाक्यावरच्या मासळीबाजारात शिरले आणि गव्हाणच्या हौसा कोळणीच्या पाटीपुढे उभे राहिले.

"मला... मांजरांसाठी हवंय," काका कुजबुजले.

हौसाने त्यांच्या सदऱ्यातून डोकावणारं जानवं पाहिलं आणि डोळा मिचकावला.

"समजलं मना! काका, माजं अर्धं गिऱ्हाईक मांजरंच हाय!"

"अगं, खरंच मांजरं आहेत! एक म्हातारी आहे, एक जाडी आहे..."

"आसू दे, आसू दे. मी कोनाला सांगाची नाय. म्हातारीला वले बोंबील ने, काटा लागाचा नाय. पोरांना जवला. आन् जाडीला?"

"जाडीला नुसतं पाणी. मासे उकडलेलं."

"आरं द्येवा!" हौसा हळहळली. "येवढा राग बायकोवर बरा नाय, काका!"

काका घाम पुसत घरी आले. पण जात्याच हौशी माणूस! मागच्या अंगणात वातीच्या स्टोव्हवर मासे उकडायला त्यांनी सुरुवात केली. म्हातारी खाऊ लागली, पोरं बाळसं धरू लागली. जाडी मात्र आपलं पाणी पिऊन झालं की इतरांच्या ताटल्यांची चौकशी करायला जाई आणि होती त्याहून जाड होत चालली. पुढे पुढे बाजारात जायची लाज नको म्हणून दर रविवारी हौसाच घरपोच येऊ लागली.

आणि तेवढ्यात रुचिराचं लग्न ठरायची वेळ आली.

रुचिरा म्हणजे सोमणांची एकुलती एक लेक. मुलगा निनाद दातार, पाताळगंगेला कंपनीत नोकरीला. दोघांची ओळख टायपिंगच्या क्लासातली, मनंही जुळलेली. अडचण फक्त निनादच्या वडिलांची होती. भाऊ दातार म्हणजे जुन्या पनवेलातले निवृत्त मुख्याध्यापक. सात्त्विक आहारावर ते दोन दोन तास व्याख्यान देत, आणि त्यांची अट एकच होती, मुलीचं घर कडक शाकाहारी हवं.

"बाबा," रुचिरा रडकुंडीला आली, "रविवारी ते लोक येतायत. घरात माशाचा एक खवला दिसला तर माझं लग्न मोडलंच म्हणून समजा!"

लेकीचा जीव त्या मुलात अडकलाय हे काकांना कळत होतं. ते तडक हौसाकडे गेले.

"हौसा, या रविवारी येऊ नकोस हं. घरी पाहुणे आहेत." नीट समजावं म्हणून त्यांनी डोळेही मोठे केले.

"समजलं मना!" हौसाने डोळा मिचकावला. मांजरांसाठी नेणारं गिऱ्हाईक बोलतं एक आणि त्याला हवं असतं दुसरंच, हे तिच्या धंद्याचं पहिलं कलम होतं.

रविवारी घरात एवढा धूप जळत होता, की भाऊ दातारांना समोरचे काकाही दिसेनात. मांजरं न्हाणीघरात कोंडलेली. रुचिराने पोहे दिले. निनादच्या आईला, दातारवहिनींना, मुलगी पसंत पडल्याचं दिसत होतं. भाऊंनी घसा साफ करून "अन्न तसं मन" या विषयाला नुकता हात घातला, एवढ्यात दारात आवाज घुमला.

"काका, घ्या! पावने हायती म्हनून दुप्पट आनलंय!"

पाटी उंबऱ्यावर टेकली. धुपाने हार मानली!

"हे म्हातारीचे बोंबील. मऊ हायती, दात नसले तरी चालतील."

दातारवहिनींनी भिंतीवरच्या, हार घातलेल्या काकांच्या आईच्या फोटोकडे पाहिलं.

"आन् ह्या जाडीला येक बांगडा मी माज्याकरनं आनलाय. पानी पिऊन कितीक दिवस काढंल ती?"

आता वहिनींनी शोभाकाकूंकडे पाहिलं. काकू अंगाने बऱ्यापैकी होत्या. त्या लालबुंद झाल्या.

"मांजरांसाठी आहे हो ते!" काका ओरडले. "देवाशपथ, मांजरांसाठी!"

"मांजरांसाठी?" वहिनी ताडकन उठल्या. "सोमण, आम्ही काय दूधखुळे आहोत? अहो, उठा!"

पण 'अहो' उठेनात. भाऊ दातारांनी चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र धरलं होतं, आणि ते उलटं होतं. हौसाने मान वाकडी करून त्याच्या मागे डोकावलं.

"अगो बाय! भाऊ, तुमी पन हतंच? तुमचं मांजर बरं हाय ना? ह्या हप्त्यात माज्या घरचा तललेला बांगडा न्याला आलं नाय!"

वर्तमानपत्र आणखी वर सरकलं.

"आपल्याकडे मांजर कुठंय?" वहिनींनी सावकाश विचारलं. "आणि तळलेला?"

भाऊंनी कागदाच्या कडेवरून बाळूकाकांकडे पाहिलं. व्याख्यानांचा सगळा तोरा उतरलेले, गयावया करणारे दोन डोळे! काकांनी मग लेकीकडे पाहिलं. जन्मात कधी नव्हे ती काकांची बुद्धी वेळेवर धावली.

"वहिनी, देवळामागे एक आजारी मांजर असतं. कच्चं पचत नाही बिचाऱ्याला. भाऊ फिरायला जाताना त्याला खाऊ घालतात. मी स्वतः पाहिलंय!"

"अहो, मग मला कधी बोलला नाहीत ते?"

"दान गुप्त असावं," भाऊ वर्तमानपत्रामागून म्हणाले.

एवढ्यात हात धुवायला गेलेल्या निनादने न्हाणीघराची कडी काढली. जाडी तोफेच्या गोळ्यासारखी सुटली, पाटीतला बांगडा उचलला आणि सरळ भाऊंच्या मांडीवर येऊन बसली! मागोमाग पोरं आली, शेवटी डुलत डुलत म्हातारी. भाऊंनी एक बोंबील घेतला, मधला काटा चिमटीत धरून एका झटक्यात अलगद काढला आणि म्हातारीपुढे ठेवला.

"किती सराईत हात!" वहिनींचे डोळे भरून आले. "जिथे मुक्या जनावरांवर एवढी माया आहे, तिथेच सोयरीक करायची!"

पत्रिका बघायचं भाऊंनी नाव काढलं नाही. मे महिन्यात लग्न झालंही.

दिवाळीत काकूंनी जाडीला उचललं आणि त्या चकित झाल्या. एका हातात आली! मान दिसत होती, कंबर दिसत होती. "जिंकलात हो!" त्या म्हणाल्या.

काकांचं लक्ष मागच्या अंगणाकडे होतं. तिथे दर रविवारप्रमाणे भाऊ दातार मांजरांना खाऊ घालायला आले होते. दार त्यांनी अंगणाच्या बाजूने ओढून घेतलं होतं, आणि काकूंच्या हातातून सुटलेली जाडी त्यावर पंजे आपटत होती.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. भाऊंनी मिशी पुसली.

"व्याही, मांजरांची तक्रार आहे," ते हळूच म्हणाले. "उकडताना जरा मीठ-मसाला घालत चला!"